आम्लवर्षेने झाडांची वाढ खुंटते ती पानावर की मातीत?

प्रश्न असा आहे : आम्लवर्षेमुळे रोपांच्या वाढीवर काय परिणाम होतो, तो ओळखायचा कसा, प्रयोग करून दाखवायचा तर कसा, आणि त्यावर उपाय काय?

आधी थेट उत्तर. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आम्लाने जळालेली, भोके पडलेली पाने येतात. प्रत्यक्षात पाऊस पानांना सहसा जाळत नाही. पान उघड दिसेल असे करपायला पावसाचा सामू, म्हणजे पीएच (आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त, ७ म्हणजे उदासीन), साधारण ३ ते ३.५ च्या खाली यावा लागतो. एवढा आम्ल पाऊस क्वचितच पडतो. खरे नुकसान मातीतून होते. ते सावकाश, वर्षानुवर्षे होत राहते आणि सगळीकडे सारखे होत नाही. ज्या मातीत चुनखडी आहे तिथे ते जवळजवळ शून्य असते. पातळ, वालुकामय किंवा ग्रॅनाइटवरच्या मातीत मात्र तेच जंगल खिळखिळे करू शकते.

आकड्यांचा अंदाज हवा. पूर्ण स्वच्छ हवेतला पाऊसही ७ सामूचा नसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने तो सुमारे ५.६ असतो आणि इतर नैसर्गिक आम्लांमुळे ५ पर्यंतही उतरतो. त्यामुळे ‘पावसाचा सामू ५.३ आला’ एवढ्यावरून प्रदूषणाचा निष्कर्ष काढू नये. गंधक डायऑक्साइडचे सल्फ्युरिक आम्ल आणि नायट्रोजन ऑक्साइडचे नायट्रिक आम्ल पावसात उतरले की आकडा खाली येतो. ही मोजपट्टी दसपटीची आहे. ५.६ वरून ४.६ म्हणजे आम्लता दहापट, ३.६ म्हणजे शंभरपट. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायरमधील हबर्ड ब्रूक जंगलात १९६० च्या दशकापासून पावसाची नोंद ठेवली जाते. तिथे त्या काळात सरासरी सामू ४.१ ते ४.३ च्या आसपास होता, म्हणजे जगातल्या बऱ्याच वाईट नोंदींपैकी एक. तरीही तो ३.५ च्या बराच वर होता, हे लक्षात ठेवा. धुके आणि ढगांचे पाणी मात्र वेगळे. थेंब बारीक, पाणी कमी, त्यामुळे आम्ल जास्त दाट. तिथे ३ च्या आसपासचे आकडेही सापडतात. उंच डोंगरमाथ्यावरची झाडे आधी खराब होतात, त्याचे एक मोठे कारण हेच.

पानावर काय होते

पानाच्या वरच्या बाजूला मेणाचा थर असतो. आम्ल पाण्याने तो हळूहळू झिजतो, पान लवकर भिजते आणि थेंब जास्त वेळ टिकतो. पाण्यातले हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लाचे विद्युतभारित कण, पानातल्या कॅल्शियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमची जागा घेतात आणि ही पोषकद्रव्ये धुऊन निघतात. जमिनीतून पुरवठा नीट चालू असेल तर झाड ही तूट भरून काढते. पुरवठा आधीच तोकडा असेल तर तूट उरते. म्हणून आम्लवर्षेची पानावरची बाजू मातीपासून तोडून पाहता येत नाही.

प्रत्यक्ष डाग पडतो तो थेंब पडताना नव्हे, थेंब वाळताना. पाणी उडते, आम्ल मागे राहते आणि दाट होत जाते. त्यामुळे डाग पाणी साचते तिथेच पडतात : शिरांच्या खोलगट जागी, पानाच्या टोकाला, गोळा झालेल्या पानाच्या वाटीत. नुकतेच उलगडलेले कोवळे पान सर्वांत नाजूक, कारण त्याचा मेणाचा थर पुरता तयार झालेला नसतो. घेवड्यासारखी रुंद, आडव्या पानांची झाडे लवकर बळी पडतात. गहू-ज्वारीसारख्या उभ्या, मेणचट पानांवरून पाणी घरंगळून जाते, त्यामुळे ती बरीच सुरक्षित राहतात. परागकण मात्र पानापेक्षा नाजूक. फुलोऱ्याच्या दिवसांत फार आम्ल पाणी पडले तर परागकण नीट रुजत नाहीत आणि फळधारणा घटू शकते, पान मात्र हिरवेगार दिसते.

शेतात किंवा बागेत ठिपके दिसले की आम्लवर्षेवर ढकलण्याआधी एवढे पाहा. आम्लाचा डाग बारीक असतो, एक-दोन मिलिमीटरचा, तपकिरी किंवा पांढुरका, वरच्या बाजूला. एकदा पडला की तो वाढत नाही. बुरशीचा डाग दिवसागणिक मोठा होतो, भोवती पिवळी कडा येते, कधी आत वर्तुळे दिसतात, आणि तो एकाच जातीच्या पिकावर पसरतो. आम्लाचे डाग एकाच पावसानंतर, त्याच सुमारास, शेजारच्या वेगवेगळ्या जातींच्या झाडांवर येतात. जुन्या पानांच्या कडा जळाल्या असतील तर आधी पालाशची (पोटॅशियमची) कमतरता तपासा. जुन्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. शिरांमधला भाग कागदासारखा पांढरा पडला असेल आणि जवळ धूर सोडणारा कारखाना असेल, तर दोष बहुधा पावसाचा नसून कोरड्या गंधक डायऑक्साइड वायूचा असतो. हा वायू पर्णरंध्रांतून थेट आत शिरतो आणि त्याला पावसाची गरज नसते. जुन्या पानांच्या फक्त वरच्या बाजूला राखेसारखे अतिबारीक टिपके असतील तर ओझोनचा संशय घ्यावा. लोक ज्याला आम्लवर्षा म्हणून दाखवतात, त्यातले पुष्कळसे नमुने या यादीतच निकाली निघतात.

मातीत काय होते

मातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि त्यावर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम चिकटलेले असतात. पावसातला हायड्रोजन त्यांना ढकलून जागा घेतो. सुटलेले कॅल्शियम-मॅग्नेशियम एकटे वाहून जात नाही, त्याला सोबत ऋण आयन लागतो. सल्फेट ही सोबत करतो, कारण बऱ्याच मातींत तो कणांना धरून राहत नाही. पाणी खाली झिरपते तसे दोघे मिळून मुळांच्या पलीकडे निघून जातात. या प्रक्रियेत पहिली काही वर्षे झाडावर काहीच दिसत नाही.

जर्मनीतील सॉलिंगच्या जंगलात काम करणाऱ्या बर्नहार्ड उलरिख यांनी माती आम्ल कशी रिचवते याचे टप्पे मांडले. ते आजही उपयोगी आहेत. सामू ६.२ च्या वर असतो तोवर चुनखडी आम्ल खाते. ६.२ ते ५ पर्यंत खनिजांची झीज ते काम करते. ५ ते ४.२ मध्ये कणांवरचे कॅल्शियम-मॅग्नेशियम खर्ची पडते. ४.२ च्या खाली मातीतले अॅल्युमिनियमच विरघळून आम्ल रिचवू लागते. म्हणजे ज्या टप्प्यावर मातीचा सामू फारसा घसरताना दिसत नाही, नेमके तिथेच विष तयार होत असते. सामू स्थिर आहे म्हणून माती सुरक्षित असे मानता येत नाही.

अॅल्युमिनियम जवळजवळ प्रत्येक मातीत भरपूर असते, पण खनिजात बांधलेले. सामू ५.५ च्या खाली ते सुटू लागते, ५ च्या खाली झपाट्याने. सुटे अॅल्युमिनियम सर्वांत आधी मुळाच्या टोकावर आघात करते आणि काही तासांतच मुळाची लांबी वाढणे मंदावते. अशी मुळे उपटून पाहिली की ओळखता येतात : आखूड, जाड, टोके तपकिरी, फांद्या कमी आणि केसमुळे जवळजवळ नाहीत. मुळे वरच्या थरातच राहतात, म्हणून चार दिवस ऊन पडले तरी झाड सुकते. स्फुरद (फॉस्फरस) अॅल्युमिनियम आणि लोहाशी बांधला जातो, त्यामुळे खत घालूनही पाने जांभळट आणि खुजी राहतात. मँगनीज जास्त विरघळते आणि काही पिकांना विषारी ठरते. मॉलिब्डेनम कमी मिळते. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी ५ ते ५.५ च्या खाली नीट बसत नाहीत. जमिनीत कॅल्शियम भरपूर असेल तर अॅल्युमिनियमचा मार बराच हलका होतो. म्हणून जंगलांच्या अभ्यासात नुसता सामू न पाहता मातीच्या पाण्यातले कॅल्शियम आणि अॅल्युमिनियम यांचे प्रमाण पाहतात. मोलमध्ये, म्हणजे वजनाने नव्हे तर कणांच्या संख्येने, ते १ च्या खाली गेले तर धोका मोठा समजतात.

आता हिशेब, कारण इथेच बहुतेक लेख गोंधळ घालतात. वर्षाला १,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा सरासरी सामू ४ आहे असे धरा. एका हेक्टरवर एक कोटी लिटर पाणी पडते. त्यात १,००० मोल हायड्रोजन आयन असतात. ते मारायला, म्हणजे निष्प्रभ करायला, शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट लागते ५० किलो. सामू ४.५ असेल तर फक्त १६ किलो. पावसातल्या अमोनियमचे जमिनीत नायट्रेट होताना आणखी आम्ल तयार होते. ते धरले तरी आकडा फार मोठा होत नाही.

याच्या शेजारी खताचा आकडा ठेवा. युरियातून दिलेल्या १ किलो नत्राचे आम्ल मारायला सुमारे १.८ किलो कार्बोनेट लागते आणि अमोनियम सल्फेटमधल्या १ किलो नत्राचे आम्ल मारायला ५ किलोहून थोडे जास्त. हेक्टरी १०० किलो नत्र युरियातून दिला तर १८० किलो आणि अमोनियम सल्फेटमधून दिला तर ५०० किलोहून अधिक. म्हणजे नियमित खत घेणाऱ्या शेतात माती आम्ल होत असेल, तर पहिला आरोपी खताची पोती, पाऊस नव्हे. हे ऐकायला आवडत नाही, पण हिशेब तसाच निघतो.

चुनखडीयुक्त जमिनीचेही असेच. वरच्या १५ सेंटिमीटरच्या थराचे वजन हेक्टरी सुमारे २,००० टन भरते. त्यात फक्त १ टक्का चुनखडी असली तरी २० टन झाली. वर्षाला ५० किलो या दराने ती संपायला ४०० वर्षे लागतात. अशा जमिनीत आम्लवर्षेने पिकाची वाढ खुंटली असे कुणी सांगितले तर कारण दुसरीकडे शोधावे. पाणी साठवलेल्या भातखाचरातही चिंता कमी. जमीन बुडाली की सामू आपोआप ७ कडे सरकतो.

मग जंगले का मेली? कारण तिथे कुणी चुना टाकत नाही, मातीचा थर पातळ असतो, खालचा खडक बहुधा ग्रॅनाइट किंवा वालुकाश्माचा असतो, आणि मुख्य म्हणजे झाडांचा माथा हवेतले कोरडे गंधक आणि धुके गाळून घेतो. सूचिपर्णी झाडांच्या सुया यात पटाईत असतात. त्यामुळे जंगलात माथ्यावरून जमिनीवर ठिबकणाऱ्या पाण्यातला आम्लभार उघड्या माळावरच्या पावसापेक्षा कित्येक पट होतो. जर्मनी, चेक प्रदेश आणि पोलंड यांच्या सीमेवरचा ‘काळा त्रिकोण’ म्हणून ओळखला जाणारा भाग याच भाराखाली उजाड झाला. तिथे वायूचा थेट मारही होता.

उत्तर अमेरिकेतल्या दोन झाडांच्या कहाण्या वेगळे काही शिकवतात. रेड स्प्रूसच्या सुयांतल्या पेशीपटलाला चिकटलेले कॅल्शियम आम्ल धुक्याने निघून जाते आणि त्यांची थंडी सहन करण्याची ताकद घटते. झाड मरते ते हिवाळ्याच्या गारठ्याने, म्हणून दोष वर्षानुवर्षे हवामानाला दिला गेला. शुगर मेपलचा प्रश्न मातीतल्या कॅल्शियमचा. हबर्ड ब्रूकमध्ये ऑक्टोबर १९९९ मध्ये एका पाणलोट क्षेत्रावर हेलिकॉप्टरने कॅल्शियम सिलिकेट पसरले. पुढच्या वर्षांत तिथल्या मेपलची तब्येत आणि रोपांची उगवण शेजारच्या क्षेत्रापेक्षा स्पष्टपणे सुधारली. झाडाला नेमके काय कमी पडत होते, याचा इतका स्वच्छ पुरावा सहसा मिळत नाही.

एक उलटी गोष्टही सांगायला हवी. आम्लवर्षेत नत्र आणि गंधक असते आणि दोन्ही खतेच आहेत. नत्राची कमतरता असलेल्या जागी सुरुवातीला वाढ वाढलेली दिसते. प्रयोगात सामू ४ च्या पाण्याने रोप नियंत्रण गटापेक्षा, म्हणजे आम्ल न मिसळलेल्या पाण्यावरच्या रोपांपेक्षा, उंच झाले तर दचकू नका आणि आकडे ‘दुरुस्त’ही करू नका. मात्र जमिनीतले कॅल्शियम-मॅग्नेशियम खर्ची पडत असताना आलेली ही वाढ फार काळ टिकत नाही.

प्रयोग करायचा असेल तर

बहुतेक शालेय आणि महाविद्यालयीन प्रयोग व्हिनेगरने केले जातात, आणि तिथेच ते फसतात. व्हिनेगरमधले अॅसिटिक आम्ल सौम्य आहे. ते पाण्यात पूर्ण विलग होत नाही, त्यामुळे सामू ३ दिसत असला तरी पाण्यात न दिसणारे आम्ल प्रचंड शिल्लक असते. हिशेब केला तर सामू ३ च्या व्हिनेगरच्या पाण्यात सल्फ्युरिक आम्लाच्या तेवढ्याच सामूच्या पाण्यापेक्षा सुमारे ५८ पट आम्ल निघते. सामू ४ ला हा फरक सुमारे सातपट राहतो. शिवाय अॅसिटिक आम्ल स्वतः तणनाशकासारखे वागते आणि मातीतले जीवाणू ते खाऊनही टाकतात. रोप मेले, पण आम्लवर्षेने नाही.

योग्य मार्ग असा. सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लाची ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचे माप) द्रावणे घ्या आणि २ भाग सल्फ्युरिक, १ भाग नायट्रिक असे मिसळा. ०.१ नॉर्मल द्रावण प्रयोगशाळेतून तयार मिळाले तर उत्तम. स्वतः करायचे तर ९८ टक्के सल्फ्युरिक आम्ल २.७ मिली किंवा ७० टक्के नायट्रिक आम्ल ६.३ मिली घेऊन प्रत्येकी १ लिटर करावे. चष्मा आणि हातमोजे घालून, जाणकाराच्या देखरेखीखाली. आम्ल पाण्यात सोडायचे, पाणी आम्लात कधीच नाही. मग १० लिटर डिस्टिल्ड पाण्यात हे मिश्रण साधारण असे लागते : सामू ४.५ साठी ३.२ मिली, ४ साठी १० मिली, ३.५ साठी ३२ मिली, ३ साठी १०० मिली किंवा किंचित जास्त. नियंत्रण गटासाठी डिस्टिल्ड पाणी रात्रभर उघडे ठेवा किंवा मत्स्यपेटीच्या पंपाने हवा द्या, म्हणजे ते ५.६ च्या जवळ येते.

नळाचे किंवा विहिरीचे पाणी वापरू नका. त्यातल्या बायकार्बोनेटची क्षारता लिटरला १०० मिलिग्रॅम असेल, तर १ लिटर पाण्याची नुसती क्षारता मारायलाच या मिश्रणाचे २० मिली जातात. सामू ४ ला आणायचे १ मिली त्यानंतर. शिवाय कॅल्शियम आपोआप मिळते आणि परिणाम झाकला जातो. सामू मोजायला कागदी पट्ट्या नकोत. इतक्या विरळ पाण्यात त्या चुकीचा आकडा देतात. मीटर ४ आणि ७ च्या बफरवर (ठरलेल्या सामूच्या द्रावणावर) लावून घ्या आणि आकडा स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटे थांबा.

पाणी किती द्यायचे तेही मिलिमीटरमध्ये ठरवा. १५ सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीवर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे १७५ मिली. एका गटात निदान ६ ते ८ कुंड्या हव्यात, आणि त्या गटवार रांगेत न ठेवता चिठ्ठ्या टाकून विखुराव्यात. नाहीतर खिडकीजवळची रांग जिंकते आणि श्रेय पाण्याला जाते. मुळा आणि घेवडा ही पिके चांगली, लवकर वाढतात आणि संवेदनशील आहेत. उंचीवर विसंबू नका, ती फसवी असते. मुळे धुऊन त्यांची लांबी मोजा आणि मूळ व शेंडा वेगवेगळे ६५ ते ७० अंश सेल्सिअसला ४८ तास वाळवून वजन करा. बी रुजण्याचे प्रमाण मोजायचेच तर मोजा, पण सामू ३.५ पर्यंत त्यात फारसा फरक पडत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची अडचण. अशा कुंडीला सामू ४ चे पाणी २० वेळा दिले तर एकूण हायड्रोजन पडतो ०.३५ मिलिमोल. हलक्या, वालुकामय अशा २ किलो मातीचा सामू एका अंकाने खाली आणायला सुमारे २० मिलिमोल लागतात, भारी मातीला त्याच्या कित्येक पट. म्हणजे महिन्या-दोन महिन्यांच्या प्रयोगात मातीचा सामू हललेलाच नसतो. ‘आम्लवर्षेचा परिणाम होत नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्या प्रयोगांत बहुधा हेच घडलेले असते, आणि सामू ३ ला जे दिसते तो बहुतांशी पानावरचा परिणाम असतो. दोन्ही वेगळे करायचे असतील तर काही कुंड्यांची माती प्लास्टिकने झाकून फक्त पानांवर फवारा आणि काहींत फक्त मातीला पाणी द्या. पाण्यात सल्फेट-नायट्रेट जास्त जाते, त्याची बरोबरी म्हणून एका गटाला तेवढेच सोडियम सल्फेट आणि सोडियम नायट्रेट बिनआम्लाच्या पाण्यातून द्यावे.

मातीची बाजू दाखवायची असेल तर कुंडीपेक्षा बीकर बरा. १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात ७४ मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट विरघळवा, सामू ४.५ करा. अर्ध्या पाण्यात लिटरला १२ मिलिग्रॅम या प्रमाणात अॅल्युमिनियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट घाला आणि सामू पुन्हा ४.५ वर आणा. स्फुरद अजिबात घालू नका, नाहीतर अॅल्युमिनियम त्याच्यासोबत साका होऊन बसते आणि प्रयोग निष्फळ जातो. एकसारखी रुजलेली गव्हाची रोपे जाळीवर ठेवून मुळे ४८ तास बुडवा, आधी आणि नंतर लांबी मोजा, मधून हवा द्या. दोन्ही पाण्यांचा सामू एकच, फरक फक्त अॅल्युमिनियमचा. नुसत्या आम्ल पाण्यात मुळे बऱ्यापैकी वाढतात, अॅल्युमिनियम असलेल्या पाण्यात संवेदनशील वाणाची मुळे अडतात. सहनशील वाण घेतला तर फरक कमी दिसेल, कारण त्याची मुळे मॅलिक आम्लाचे क्षार सोडून अॅल्युमिनियम बांधून टाकतात. दोन वाण शेजारी ठेवलेत तर प्रयोगाला खरी धार येते.

उपाय

पानांवर सोडा किंवा चुन्याचे पाणी फवारून आम्लवर्षा ‘उतरवायचा’ सल्ला सोडून द्या. त्यानेच पाने करपतात. उपाय मातीतच करायचा. ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे दोन थरांचे नमुने घ्या, १ भाग माती आणि २.५ भाग पाणी ढवळून अर्ध्या तासाने सामू मोजा. कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात मोजलेला आकडा पाण्यातल्यापेक्षा अर्धा ते एक अंक कमी येतो, म्हणून दोन अहवालांची तुलना करताना पद्धत तपासा.

सामू ५.५ च्या खाली असेल तर चुना. वरच्या १५ सेंटिमीटरचा सामू एका अंकाने वाढवायला हलक्या जमिनीत हेक्टरी सुमारे १ टन कॅल्शियम कार्बोनेट पुरते, भारी जमिनीत ४ टनही लागतात. नुसत्या सामूवरून मात्रा ठरवू नये. प्रयोगशाळेकडून चुन्याची गरज काढून घ्यावी. कुंडीसाठी हाच हिशेब किलोला अर्धा ते दोन ग्रॅम येतो. शुद्ध कार्बोनेटची ताकद १०० धरली तर डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) सुमारे १०८, विरलेला चुना १३५ आणि कळीचा चुना १७८. मॅग्नेशियमही घटलेले असेल तर डोलोमाइटच घ्यावे. भुकटी जितकी बारीक तितकी कामाची. पाव मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारी भुकटी लवकर लागू पडते, जाड खडे वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात. पेरणीच्या दोन-तीन महिने आधी मातीत नीट मिसळा. चुना आणि युरिया किंवा अमोनियमची खते एकत्र देऊ नका, अमोनिया उडून जातो. दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवा.

सामू ७ पर्यंत नेण्याचा हट्ट नको. ५.५ ते ६ ला अॅल्युमिनियम बसते, कडधान्यांना ६ ते ६.५ पुरे. त्यापुढे लोह, जस्त, मँगनीज, बोरॉन मिळेनासे होतात आणि नवी पाने पिवळी पडतात. चहा, ब्लूबेरी, अझेलिया यांना तर आम्ल जमीनच हवी, त्यांना चुना देऊ नये. फळबागेत चुना खोलवर मिसळता येत नाही आणि वरून टाकलेला फार सावकाश उतरतो. तिथे खालच्या थरासाठी जिप्समची मदत होते. त्याने सामू वाढत नाही, पण कॅल्शियम खोल जाते आणि सल्फेटमुळे अॅल्युमिनियमचा विषारीपणा कमी होतो.

हवा सुधारली म्हणजे माती लगेच सुधारते असेही नाही. वाहून गेलेले कॅल्शियम खनिजांच्या झिजेतून परत यायला दशके लागतात. आणि शेतीत उलटच एक अडचण उभी राहते. युरोपात गंधक डायऑक्साइड घटल्यावर मोहरीवर्गातल्या रेपसीडला गंधक कमी पडू लागले आणि जे पूर्वी आकाशातून फुकट येत होते ते पोत्यातून द्यावे लागले. हवा स्वच्छ झालेल्या भागात पीक फिकट दिसू लागले तर आधी पाहा कोणती पाने पिवळी आहेत : जुनी असतील तर नत्र, शेंड्याकडची कोवळी असतील तर गंधक.